चौकातला खेळ: नागपूरच्या उन्हापावसात टिकेल असा

नागपुरात चौक म्हटला की डोळ्यांपुढे सिग्नल, ऑटो आणि मधोमध पुतळा येतो. चौकात येणाऱ्याजाणाऱ्यांसाठी कायमचा खेळ उभारायचा असेल तर तो त्या मधल्या गोलावर मांडू नका. तिथवर जायला मुलाला वाहतूक ओलांडावी लागते, आणि परत येताना त्याचं लक्ष खेळातच असतं. मांडायचा तो पायी चालणाऱ्यांच्या मोकळ्या जागेत: झिरो माइलच्या परिसरातला एखादा फरसबंद तुकडा, फुटाळ्याचा काठ, बाजाराच्या तोंडाशी असलेलं पटांगण, वाचनालयापुढची जागा.

खाली तीन खेळ दिले आहेत: सुरेल नळ्या, बोलनळी आणि सावलीचं घड्याळ. एकालाही वीज लागत नाही, आणि हे मुद्दाम आहे. सेन्सर, एलईडी, स्पीकर लावलेलं काम उद्घाटनाच्या दिवशी छान दिसतं. मग मे महिन्यात डबा आतून तापतो, जूनमध्ये केबल जिथून डब्यात जाते तिथून पाणी शिरतं, आणि बंद पडलेलं यंत्र पुन्हा चालू करणं कुणाच्याच कामात लिहिलेलं नसतं. तरीही वीज हवीच असेल तर खेळापर्यंत २४ व्होल्टच्या वर काही नेऊ नका, जोडण्या आयपी-६७ दर्जाच्या (धूळ-पाणी आत न जाणाऱ्या) घ्या आणि मूळ पुरवठ्यावर ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच) बसवा.

आधी जागा बघा

चार वेळांना जाऊन बसा: सकाळी ७ ते ९, दुपारी १ ते २, संध्याकाळी ६ ते ८ आणि रात्री ९ नंतर. एकदा कामाच्या दिवशी, एकदा रविवारी. लोक कुठून कुठे तिरपे जातात ते खडूने जमिनीवरच आखा. हातगाड्या कुठे लागतात, दुचाकी कुठून घुसतात, आजीआजोबा कोणत्या कट्ट्यावर बसतात, तेही टिपा. चालण्याच्या वाटेवर किमान १.८ मीटर रुंदी मोकळी राहिली पाहिजे. खेळ वाटेच्या कडेला हवा, मध्ये नको.

दुचाकी अडवायला खांब लावायचा मोह होतो. पण चाकखुर्ची जायला निदान ९०० मिमी जागा लागते आणि तेवढ्यातून स्कूटर आरामात जाते. म्हणून खांबांवर भिस्त ठेवण्यापेक्षा मांडणी अशी करा की पटांगणातून सरळ रेषेत आरपार जाताच येणार नाही.

नकाशा पक्का करण्याआधी पुठ्ठा आणि प्लायवूडचं खऱ्या मापाचं सोंग उभं करून एक संध्याकाळ ठेवा. पोट्टे त्यावर कुठे चढतात, हे कोणत्याही चित्रापेक्षा लवकर कळतं. जिथे चढावं असं तुम्हाला वाटतं तिथे ते चढत नाहीत.

उन्हाचा हिशोब

मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जाणं इथे नवीन नाही. तेव्हा खेळ दिवसभर चालेल हे धरूच नका. सकाळी दहाच्या आत आणि सूर्य कलल्यावर चालेल असा आखा. संध्याकाळचं ऊन पश्चिमेकडून आडवं येतं, म्हणून सावलीची जाळी किंवा झाड डोक्यावर असण्याइतकंच पश्चिमेला असणं महत्त्वाचं. कडुनिंब असेल तर त्याच्या पूर्वेची जागा पकडा.

हात लागेल तो भाग लाकडाचा किंवा एचडीपीईचा (टणक प्लास्टिकचा) असू द्या. चंद्रपूर-गडचिरोलीकडचं सागवान उन्हापावसाला चांगलं टिकतं. वर्षातून एकदा तेल पाजलं की झालं. "स्टेनलेस चकचकीत असतं, ते तापत नाही" ही समजूत चुकीची आहे. चकचकीत पृष्ठभाग घेतलेली उष्णता बाहेर टाकायलाही कंजूष असतो, म्हणून वारा पडला की तोही भाजण्याइतका तापतो. धातू ६० अंशांच्या पुढे गेला की काही सेकंदांतच हात पोळतो. लहान मुलाची कातडी पातळ, त्यामुळे तिथे आणखी लवकर.

मोजायचं असेल तर दुपारी ३ वाजता इन्फ्रारेड थर्मामीटर घेऊन जा. चकचकीत धातूवर तो थेट रोखला तर आकडा फार कमी दाखवतो. आधी मास्किंग टेपचा तुकडा चिकटवा, पाच मिनिटं थांबा, मग टेपवर रोखा. खाली रबरी फरशी असेल तर तिचाही रंग बघा: गडद लाल किंवा काळी फरशी चप्पल काढून चालण्यासारखी राहत नाही.

सुरेल नळ्या

सहा अ‍ॅल्युमिनियमच्या नळ्या, उभ्या टांगलेल्या, लाकडी किंवा एचडीपीईच्या दांडीने वाजवायच्या. स्वर भूप रागाचे घ्या: सा, रे, ग, प, ध आणि वरचा सा. मध्यम आणि निषाद नसल्याने कुणीही कुठल्याही क्रमाने वाजवलं तरी कानाला खटकत नाही. सार्वजनिक जागेत हा गुण सोन्यासारखा आहे, कारण शेजारचा दुकानदार दिवसभर ऐकणार असतो.

नळी घ्या बाहेरून ५० मिमी, जाडी ३ मिमी. इतवारीच्या लोहाओळीत किंवा हिंगण्याच्या पुरवठादारांकडे विचारा. सगळ्या नळ्या एकाच लॉटमधल्या असाव्यात, कारण जाडीत फरक पडला की खालचं गणित मोडतं. दोन्ही टोकं मोकळी असलेल्या नळीचा स्वर लांबीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात बदलतो. स्वर दुप्पट वर न्यायचा तर लांबी निम्मी होत नाही, ०.७०७ पट होते. सा साठी १ मीटर धरला तर मापं अशी:

सा – १००० मिमी, रे – ९४३, ग – ८९४, प – ८१६, ध – ७७५, वरचा सा – ७०७.

या मापाने खालचा सा ३०० हर्ट्झच्या आसपास लागतो. प्रत्येक नळी ४ मिमी लांबच कापा. आधी भोकं पाडा, मग फोनवरचं ट्यूनर ॲप लावून कानशीने टोक घासत स्वर वर आणा. जास्त घासली गेली तर स्वर खाली आणायला मार्ग नाही, ती नळी पुढच्या आखूड स्वराला वापरायची. लहान नळ्यांवर एक मिलीमीटरचा परिणाम मोठा असतो, म्हणून त्या शेवटी, सावकाश. उन्हात सगळ्या नळ्यांचा स्वर किंचित उतरतो, पण सगळ्यांचा सारखाच, त्यामुळे काळजी नको. मात्र सगळ्या एकाच बैठकीत, सावलीत मिळवा.

टांगण्याची जागा चुकली की नळी "ठक" करून गप्प होते. दोन्ही टोकांपासून लांबीच्या २२.४ टक्क्यांवर नळी थरथरत नाही. आधार तिथेच द्यायचा. १००० च्या नळीला २२४ मिमीवर, मग अनुक्रमे २११, २००, १८३, १७४ आणि १५८ मिमीवर. वरच्या बिंदूवर ९ मिमीचं आरपार भोक, त्यात ईपीडीएम रबराचा ग्रोमेट (भोकाच्या कडेला बसणारी कडी) आणि त्यातून ६ मिमीचा स्टेनलेस बोल्ट. खालच्या बिंदूवर तसाच, म्हणजे नळी झोके घेत नाही. ट्रकच्या ट्यूबचे तुकडे कापून लावणारे बरेच आहेत. एका उन्हाळ्यात त्यांचं लाकूड होतं आणि आवाज मरतो. रबर नसेल तर अ‍ॅल्युमिनियमला स्टेनलेस थेट चिकटतं आणि पावसाळ्यात सांध्याशी पांढरी पूड धरते.

दोन नळ्यांच्या मध्यांतलं अंतर १३० मिमी ठेवा. मग मधली फट ८० मिमी राहते. १५० ठेवलं तर फट १०० मिमी होते आणि ती मूल डोकं घालून अडकू शकेल अशा मापात मोडते. खांब आणि शेवटच्या नळीतही तेवढंच, ८० मिमी, म्हणजे दोन खांबांमधलं आतलं माप ८६० मिमी येतं. सगळ्या नळ्यांची खालची टोकं जमिनीपासून ४५० मिमीवर एका रेषेत आणा, चाकखुर्चीतल्या माणसाचाही हात पोचतो.

दांडीचं डोकं ५० मिमी व्यासाचं, एचडीपीईचं. ती प्लास्टिक चढवलेल्या तारदोराने बांधा, पण दोर इतका आखूड की गळ्याभोवती वळसा बसणार नाही. दांड्या चोरीला जातातच. नळ्याही जातील, अ‍ॅल्युमिनियमला भंगारात भाव असतो. म्हणून बोल्टना साध्या पान्याने न उघडणारी डोकी घ्या.

आवाजाचा नियमही बघा. ध्वनिप्रदूषण नियमांनुसार (२०००) निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे, रात्र म्हणजे १० ते सकाळी ६. रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्यापासून १०० मीटरच्या आत शांतता क्षेत्र असू शकतं. तिथे हा खेळ मांडूच नका, बोलनळी मांडा.

बोलनळी

जमिनीखालून गेलेला पाइप, दोन टोकांना दोन भोंगे. एकाने कुजबुजायचं, दुसऱ्याने वीस मीटरवर ऐकायचं. पाइप ७५ मिमीचा पीव्हीसी, ६ किलो दाबाच्या वर्गाचा. १५ ते २५ मीटर लांबीला बोलणं स्वच्छ ऐकू येतं. वळण घ्यायचं तर ९० अंशाचा एक एल्बो न लावता ४५ चे दोन लावा.

बोलनळी बिघडते ती बहुतेक पाण्याने. पाइप सपाट टाकला तर एखाद्या पोटात पाणी साचतं, आवाज बंद होतो आणि वर "कनेक्शन तुटलं" असा शेरा बसतो. म्हणून दोन्ही बाजूंनी मधल्या एका बिंदूकडे शंभराला एक उतार द्या. त्या बिंदूवर टी लावून खाली ६ मिमीची तीन-चार भोकं पाडा आणि भोवती अर्धा मीटर खोल गिट्टीचा खड्डा करा. पाइप ४५० मिमी खोल, खाली-वर १०० मिमी वाळू, आणि वाळूवर पिवळी इशाऱ्याची पट्टी. नाहीतर पुढच्या वर्षी कुठल्यातरी केबलवाल्याचा जेसीबी तो शोधून काढेल.

भोंग्याच्या तोंडाला ५ मिमी भोकांची जाड स्टेनलेस पत्र्याची चाळणी वेल्ड करा. चाळणी नसेल तर आठवड्याभरात आत खडे, काड्या आणि खर्र्याच्या पन्न्या जातात. भोकं याहून मोठी करू नका, ८ मिमीपासून बोट अडकतं. तोंड १५ अंश खाली झुकवा, म्हणजे पाऊस आत जात नाही आणि थुंकलेलंही आत राहत नाही. नागपुरात हा मुद्दा सौजन्यापोटी गाळता येत नाही. प्रत्येक टोकाला दोन उंचीची तोंडं असावीत: ७५० मिमी आणि ११०० मिमी. एकाच पाइपला वाय लावून ती काढता येतात. दोन भोंगे एकमेकांना दिसतील असे ठेवा. पलीकडे कुणी आहे की नाही ते कळलं नाही तर माणूस एकदा "हॅलो" म्हणतो आणि निघून जातो.

सावलीचं घड्याळ

यात काटा म्हणजे उभा राहणारा माणूस. जमिनीवर लंबवर्तुळात तासांच्या खुणा, मध्ये उत्तर-दक्षिण रेषेवर तारखा. आजच्या तारखेवर उभं राहायचं, सावली वेळ दाखवते. मोडण्यासारखं, चोरण्यासारखं काही नाही, त्यामुळे हातात पैसे थोडे असतील तर हाच एक करा.

नागपूरचं अक्षांश २१.१५ अंश धरून, अर्धी रुंदी ३ मीटर असलेल्या घड्याळाची मापं देतो. जागा ७ बाय ४ मीटर लागेल, आणि सकाळ-संध्याकाळ इमारतीची सावली येणार नाही अशी.

पहिलं काम खरी उत्तर दिशा. होकायंत्र नको, फरशीखालच्या सळया, मेट्रोचे खांब, उभ्या गाड्या त्याला फसवतात. सपाट जागी दीड मीटरचा दांडा ओळंब्याने उभा करा, त्याभोवती एक वर्तुळ काढा. सकाळी सावलीचं टोक वर्तुळाला जिथे स्पर्श करतं तिथे खूण, दुपारनंतर पुन्हा स्पर्श करतं तिथे दुसरी. दोन खुणा जोडणारी रेषा पूर्व-पश्चिम, तिला गुण्याने काढलेला काटकोन उत्तर-दक्षिण. हे हिवाळ्यात करा, तेव्हा दुपारच्या सावल्या लांब असतात आणि खुणा नेमक्या बसतात.

मध्यबिंदूपासून तासांच्या खुणा (पहिला आकडा पूर्व किंवा पश्चिमेला, दुसरा उत्तरेला, मीटरमध्ये):

१२ – ०.०० आणि १.०८
११ व १ – ०.७८ आणि १.०५
१० व २ – १.५० आणि ०.९४
९ व ३ – २.१२ आणि ०.७७
८ व ४ – २.६० आणि ०.५४
७ व ५ – २.९० आणि ०.२८
६ – ३.०० आणि ०.००

सकाळचे तास पश्चिमेला, दुपारचे पूर्वेला. गवंड्याच्या हातून इथेच अदलाबदल होते, कारण घड्याळ म्हटलं की हात आपोआप भिंतीवरच्या घड्याळाचा क्रम धरतो.

तारखांची रेषा: २१ डिसेंबर मध्यापासून १.२१ मीटर दक्षिणेला, २१ जानेवारी व २१ नोव्हेंबर १.०२ दक्षिणेला, २१ फेब्रुवारी व २१ ऑक्टोबर ०.५३ दक्षिणेला, २१ मार्च व २३ सप्टेंबर बरोबर मध्यावर, २१ एप्रिल व २२ ऑगस्ट ०.५८ उत्तरेला, २१ मे व २३ जुलै १.०२ उत्तरेला, २१ जून १.२१ उत्तरेला.

लक्षात येईल की जूनची जागा १२ च्या खुणेच्याही पलीकडे, उत्तरेला गेली. ही चूक नाही, "दुरुस्त" करू नका. नागपूर कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहे, त्यामुळे जूनमध्ये दुपारचा सूर्य डोक्याच्या उत्तरेला असतो आणि सावली दक्षिणेला पडते. युरोपातल्या उदाहरणांवरून आराखडा उचलला तर नेमकं हेच चुकतं. २६ मेच्या सुमारास दुपारी १२ वाजून १० मिनिटांच्या आसपास सावली पायाखालीच असते; त्या दिवशी शाळांना बोलवा. दुसरा शून्य सावलीचा दिवस जुलैच्या मध्यानंतर लगेच येतो, पण तेव्हा बहुधा ढग असतात.

सावलीची वेळ आणि मनगटावरची वेळ जुळत नाही, आणि पहिल्याच दिवशी दहा जण "घड्याळ चुकलं" म्हणून सांगतील. भारतीय वेळ ८२.५ अंश रेखांशाची, नागपूर ७९.०८ वर, म्हणून मुळातच सुमारे १४ मिनिटांचा फरक. त्यात सूर्याच्या चालीचा फरक मिळवला की दर महिन्याच्या मध्याला सावलीच्या वेळेत मिळवायची मिनिटं अशी येतात: जानेवारी २३, फेब्रुवारी २८, मार्च २३, एप्रिल १४, मे १०, जून १४, जुलै २०, ऑगस्ट १८, सप्टेंबर ९, ऑक्टोबर वजा १, नोव्हेंबर वजा २, डिसेंबर ९. ही पाटी घड्याळाच्या शेजारीच लावा.

खुणा रंगवू नका, दगडात बसवा. रंग वर्षभरात उडतो आणि ओल्यात घसरतो. फिकट कोटा फरशीत गडद दगडाचे आकडे, घासून गुळगुळीत न केलेले, चांगले चालतात. पाटीवर एवढंच पुरे: "आजच्या महिन्यावर उभे राहा. हात डोक्यावर जोडा. सावली बघा." हात जोडले की सावलीला टोक येतं.

काळ्या मातीतला पाया

जागेवर आधी एक मीटरचा खड्डा खणून बघा. कुठे हातभरावर मुरूम लागतो, कुठे काळी माती संपतच नाही. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. उथळ पाया तिच्याबरोबर वर-खाली होतो आणि दोन वर्षांत नळ्यांची चौकट तिरकी दिसते. खांबासाठी १२०० मिमी खणा, खाली ३०० मिमी मुरूम १५०-१५० च्या दोन थरांत ठोकून घ्या, त्यावर ४५० बाय ४५० चा, ९०० मिमी उंच एम-२० काँक्रीटचा ठोकळा. बाजू भरताना खणलेली माती परत टाकू नका, मुरूमच टाका. मजूर नेमकी तीच माती ढकलतात, कारण ती तिथेच पडलेली असते.

खांब काँक्रीटमध्ये गाडण्यापेक्षा १० मिमीच्या तळपत्र्यावर चार एम-१२ (१२ मिमी जाडीच्या) बोल्टनी बसवा, नटांवर गोल टोप्या. इतवारी-महाल भागात मारबतीच्या मिरवणुकीला उंच पुतळे आणि तुडुंब गर्दी असते. दोन तासांत चौकट काढून ठेवता आली पाहिजे. लोखंड वापरणार असाल तर सगळं वेल्डिंग झाल्यावर गॅल्व्हनाइझ करा (जस्ताचा लेप द्या), आधी नाही. बंद नळ्यांना भोकं ठेवायला फॅब्रिकेटरला आधीच सांगा, नाहीतर जस्ताच्या टाकीत त्या फुटू शकतात.

फटी, उंची, पाणी

बोटांसाठी ८ ते २५ मिमी आणि डोक्यासाठी ८९ ते २३० मिमी या दोन पट्ट्यांतली एकही फट ठेवायची नाही. मुलांच्या खेळसाहित्याच्या युरोपीय ईएन ११७६ मानकातली ही मापं जगभर वापरली जातात. लाकडाच्या ८ आणि २५ मिमीच्या दांड्या करून खिशात ठेवा, प्रत्येक सांध्यात घालून बघा. उभं राहता येईल असा कुठलाही भाग ६०० मिमीच्या आत असेल तर खाली मऊ जमिनीची सक्ती राहत नाही. चौकात याच्या वर जाऊच नये, असं आमचं मत.

वाटीसारखा कुठलाही आकार पाणी धरतो, आणि साचलेल्या पाण्यात आठ-दहा दिवसांत डेंग्यूचा डास तयार होतो. खाली भोक ठेवा, पण १० मिमीचं एक नको (बोट!), ६ मिमीची चार.

परवानगी आणि देखभाल

जागा कुणाची ते आधी शोधा: महापालिका, नागपूर सुधार प्रन्यास, सार्वजनिक बांधकाम की मेट्रो. महापालिकेची असेल तर तिच्या दहा झोनपैकी संबंधित झोन कार्यालयात अर्ज, सोबत मापांचा नकाशा आणि पाया किती खोल जाणार ते. खणण्याआधी पाण्याच्या लाइनी आणि महावितरणच्या केबली कुठून जातात ते लेखी घ्या. वाहतूक पोलिसांचं पत्र रस्त्यालगतच्या जागेला लागतंच.

देखभाल कोण करणार हे परवानगीच्या कागदातच नावानिशी, पदानिशी यावं. आठवड्याला झाडू मारणाऱ्यानेच बघावं: दांड्या आहेत का, चाळणी तुंबली का, काही धारदार झालं का. तीन महिन्यांनी पाना घेऊन सगळे बोल्ट, रबर तपासणं. मेच्या शेवटी, पहिल्या पावसाआधी, बोलनळीच्या टोकातून बादलीभर पाणी ओतून ते गिट्टीत मुरतं का बघा. दहा मिनिटांनी बोलून पाहा. साठ्यात ठेवा: आठ दांड्या, वीस ग्रोमेट, एक डझन बोल्ट, आणि सगळ्या नळ्यांची मापं लिहिलेला पत्रा, जो फॅब्रिकेटरकडे नाही तर झोन कार्यालयात टांगलेला असेल.